रांगलीच नाही

आमच्या घरात माझ्याबद्दल अभिमानाने सांगण्यासारखी एकच गोष्ट होती, त्यामुळे ती वारंवार सांगितली जायची. प्रज्ञा रांगलीच नाही. बसायला लागली आणि एके दिवशी थेट उभी राहिली. दहाव्या महिन्यात घरभर चालत होती. आई हे पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, हातात ताटली धरून सांगायची, पप्पा ऑफिसातल्या नव्या मित्राला पार्किंग लॉटमध्येच ऐकवायचे, आणि नागपूरहून आबाजींचा, म्हणजे पप्पांच्या वडिलांचा फोन आला की ते माझीच गोष्ट मलाच पुन्हा सांगायचे. "आपल्या खानदानात रांगली नाही अशी तू पहिली पोट्टी. सीधी उभी झाली!" मला त्या वयात वाटायचं, रांगणं हा गोवरासारखा काहीतरी आजार असावा, जो बाकीच्या मुलांना होतो आणि मला सुदैवाने झाला नाही.

आत्मकथन लिहायला केस पांढरे असावे लागतात म्हणे. माझे आहेत, फक्त दर महिन्याला रंग लावून मी ते लपवते. आईचं म्हणणं असं की लिहिण्यासारखं माझ्या आयुष्यात अजून काही घडलेलंच नाही. आईला काय, तिला स्वतःच्या आयुष्यातही काही घडलंय असं वाटत नाही. पण माझं तिसरीचं वर्ष घडलेलं आहे, आणि त्या वर्षातले शेवटचे तीन महिने मला आजही अगदी वासासकट आठवतात.

अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये आमचं अपार्टमेंट दुसऱ्या मजल्यावर होतं. दोन बेडरूम, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताकाच्या रंगाचं कार्पेट, हॉलला लागूनच उघडं किचन आणि त्या किचनच्या छतावर आमचा कायमचा शत्रू, स्मोक अलार्म. आईने कढईत मोहरी-लसणाची फोडणी टाकली रे टाकली की तो किंचाळायचा. मग पप्पा टॉवेल घेऊन धावायचे, खुर्चीवर चढून छताला वारा घालायचे, आई गॅलरीचं दार उघडायची आणि वरणाचा वास घेऊन सगळा धूर शेजारच्या काकूंकडे जायचा. दर दोन दिवसांनी हा तमाशा व्हायचा. घरातल्या बाकीच्यांना त्याची सवय झाली होती, मला मात्र होत नव्हती. अलार्म वाजला की माझे दोन्ही हात पंखांसारखे बाजूला उडायचे, श्वास आत ओढला जायचा आणि तिथेच अडकायचा, मग हात छातीशी गोळा व्हायचे आणि मी भोकाड पसरायची. हातात दुधाचा ग्लास असला तर तो कार्पेटवर. नऊ वर्षांची घोडी झाले तरी हेच. पप्पा मला 'दचकू' म्हणायचे. आई ओरडायची नाही, कापड घेऊन मुकाट्याने दूध टिपायची, पण टिपता टिपता तिच्या ओठांची एक बारीक रेघ व्हायची. ती मला दिसायची.

शाळेत अलार्म क्वचितच वाजायचा, पण तिथे पेन्सिल होती. फळ्यावरचं वाक्य वहीत उतरवायचं तर मान वर करायची, खाली करायची, उजवीकडे वळवायची, पुन्हा डावीकडे. मी मान वळवली की हात माझं ऐकायचा नाही. उजवीकडे पाहिलं की उजवा हात कोपरातून सरळ व्हायला बघायचा आणि पेन्सिल कागद फाडत बाहेर जायची. तो आवरायला मी पेन्सिल इतकी घट्ट धरायची की बोटांची टोकं पांढरी पडायची. मी कागद इतका तिरका करायची की तो जवळजवळ आडवाच व्हायचा, आणि लिहायची ते फक्त त्याच्या उजव्या अर्ध्या भागात, डावा भाग कोरा. पाय खुर्चीच्या पायांना वेलासारखे गुंडाळलेले. आठवड्यातून एकदा तरी मी खुर्चीसकट पडायची. आमच्या वर्गशिक्षिका मिसेस व्हिटकर मला 'प्रॅडनिया' म्हणायच्या. वाईट नव्हत्या त्या. मी तोंडी उत्तरं धडाधड द्यायची आणि कागदावर तीन ओळी लिहायला अर्धा तास लावायची, हे कोडं त्यांना सुटत नव्हतं. मलाही सुटत नव्हतं. मी मनाशी निदान करून टाकलं होतं की मी आतून शहाणी आणि बाहेरून मठ्ठ आहे.

मार्चमध्ये दोन गोष्टी एकाच आठवड्यात आल्या, आबाजी आणि शाळेचं पत्र. आबाजी सहा महिन्यांसाठी आले होते. त्यांच्या बॅगेत तिखटाचा डबा, पाटोडीसाठी जाडसर बेसन आणि माझ्यासाठी शाईचं पेन होतं. हे पेन बघून मला रडू आलं आणि त्यांना वाटलं आनंदाने आलं. पत्र असं होतं की प्रज्ञाची लेखी प्रगती इयत्तेच्या मानाने बरीच मागे आहे, तिला आणखी एक वर्ष तिसरीतच ठेवण्याचा विचार चालू आहे, निर्णय मे महिन्याच्या शेवटी मीटिंगमध्ये होईल, दरम्यान शाळेच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने तिला तपासावं अशी शिफारस आहे. पप्पांनी पत्र दोनदा वाचलं. आईने एकदाच वाचलं आणि मराठीत एका शब्दात सांगितलं, "नापास."

हा शब्द आमच्या घरात शिवीपेक्षा वाईट होता. आबाजी खानदानातले पहिले मॅट्रिक. कंदिलाच्या काचेवरची काजळी पुसत अभ्यास केलेला माणूस, पोस्टात सॉर्टर म्हणून लागला आणि रात्रपाळी करून त्याने चार मुलं शिकवली. हॉलमध्ये टीव्हीच्या वर निळ्या कोटातला फोटो होता आणि त्याच्यापुढे रविवारी आम्ही वंदना म्हणायचो. त्या फोटोखाली बसून आमच्या घरातलं मूल नापास होऊ शकतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. संध्याकाळी आबाजींनी मला जवळ बसवून माझी वही उघडली, कोऱ्या डाव्या अर्ध्या पानावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे काऊन सोडलं बेटा?" मी म्हणाले, "आय डोन्ट नो, आबाजी." तेवढं इंग्रजी त्यांना येत होतं.

थेरपिस्टला भेटण्याआधी पालकांनी चार पानांचा फॉर्म भरायचा होता, आणि इथे माझ्या आई-वडिलांनी ती चूक केली जी फक्त आमच्यासारखी माणसंच करू शकतात. त्यांनी तो परीक्षेच्या पेपरसारखा सोडवला. डायनिंग टेबलावर आधी पेन्सिलने, मग पेनने. मूल मोठ्या आवाजाला घाबरतं का? नाही. तोल जाऊन पडतं का? नाही. बसल्या जागी चुळबुळ करतं का? कधीच नाही. लिहिताना थकतं का? नाही. मी शेजारी बसून बघत होते आणि फॉर्ममधली ती गुणी मुलगी कोण असावी याचा विचार करत होते. पप्पा म्हणाले, "यार, सगळीकडे नो लिहिलं तर डाउट येईल." आई म्हणाली, "खोटं काय आहे त्यात? लहान मुलं पडतातच." मग शेवटच्या पानावर प्रश्न आला, मूल कोणत्या वयात रांगायला लागलं? दोघांचे चेहरे खुलले. पप्पांनी ठळक अक्षरांत लिहिलं, कधीच रांगली नाही, दहाव्या महिन्यात थेट चालली, आणि 'कधीच नाही'च्या खाली दोन रेघा मारल्या. चार पानांतलं तेवढं एकच उत्तर खरं होतं असं तेव्हा आम्हाला वाटत होतं.

थेरपिस्टचं नाव मिस कॅरल. साठीच्या आसपासची, ढोपरांवर पॅड शिवलेली पँट घालणारी, सगळ्यांना 'हनी' म्हणणारी बाई. दर मंगळवारी ती शाळेत यायची, जिमच्या शेजारची निळ्या गाद्यांची खोली तिची. तिने फॉर्म माझ्यासमोरच चाळला, शेवटच्या पानावर थांबली, त्या दोन रेघांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "बरं झालं, हे तरी लिहिलं." मग तिने मला गादीवर चार पायांवर उभं राहायला सांगितलं, तळहात खाली, गुडघे खाली, पाठ टेबलासारखी. माझी हनुवटी धरून तिने माझी मान हळूच उजवीकडे वळवली. माझा डावा कोपर मोडला आणि मी धाडकन गालावर आपटले. पुन्हा. मान डावीकडे, उजवा कोपर मोडला. मी हसायला लागले, कारण मी काही केलंच नव्हतं. ती हसली नाही, पण माझ्या पाठीवर थोपटून म्हणाली, "तू काही केलं नाहीस, हनी. तेच तर मला बघायचं होतं." मठ्ठ असण्याला काही कारण असू शकतं, ही कल्पना मला त्या क्षणी पहिल्यांदा सुचली, आणि मला इतकं हलकं वाटलं की परतताना मी कॉरिडॉरमध्ये उड्या मारत गेले आणि अर्थातच पडले.

तिचा रिपोर्ट घरी आला तेव्हा भडका उडाला. रिपोर्टात होतं, रिटेन्ड प्रिमिटिव्ह रिफ्लेक्सेस. पप्पांना त्यातला मधला शब्द तेवढा दिसला. "प्रिमिटिव्ह? आमच्या मुलीला प्रिमिटिव्ह म्हणते ही? अरे, आपण इतक्या लांब हेच ऐकायला आलो का?" ते लाल झाले होते. उद्याच्या उद्या प्रिन्सिपॉलला भेटतो, लेखी माफी मागायला लावतो, असं बरंच चाललं होतं. आबाजींनी शब्दाचा अर्थ विचारला. पप्पांनी सांगितला, "आदिम. रानटी." आबाजींनी मान खाली घातली. आई नागपुरात शाळेत विज्ञान शिकवायची. इथे तिला नोकरीची परवानगी नव्हती, म्हणून तिचं सगळं विज्ञान डाळीच्या शिट्ट्या मोजण्यात जात होतं. तिने पप्पांच्या हातून कागद घेतला आणि बऱ्याच दिवसांनी तिच्या आवाजात मास्तरीण आली. "ओरडू नका. रिफ्लेक्स म्हणजे प्रतिक्षिप्त क्रिया. आठवीच्या पुस्तकात आहे. प्रिमिटिव्ह म्हणजे इथे सुरुवातीची, जन्माबरोबर येणारी. तान्ह्या बाळाच्या तळहातावर बोट ठेवलं की ते मूठ वळतं, ते काय विचार करून? आवाज झाला की हात फेकतं. मान वळवली की त्या बाजूचा हात लांब करतं. मेंदू शिकून तयार होईपर्यंत शरीर आपलं आपण चालवून घेतं. वर्षभरात या क्रिया मागे पडायला हव्यात. बाळ पालथं पडतं, सरपटतं, रांगतं, त्यात त्या जिरतात. काही मुलांत थोड्या राहतात. एवढंच म्हणतेय ती. पाहुणे आले, जेवले, आणि गेलेच नाहीत."

"मले बोलून राहिली का?" आबाजी म्हणाले.

आई इतकी ओशाळली की तिला खोकलाच आला. मी आणि पप्पा हसत सुटलो, शेवटी आबाजीही हसले, आणि प्रिन्सिपॉलच्या माफीचा विषय तेवढ्यावर मिटला. पण कागदाची दुसरी बाजू उरली होती. त्यावर घरी रोज करायचे व्यायाम होते. पोटावर सरपटणं. हात पसरून सावकाश छातीशी मिटणं. आणि खाली ठळक अक्षरांत, रांगणं, रोज सकाळी दहा मिनिटं, सावकाश. आबाजींनी ते आईकडून समजून घेतलं आणि त्यांचं हसू गेलं. ते उठून उभे राहिले. "माही नात रांगनार नाही," ते म्हणाले. "नापास झाली तरी चालन. कोनाच्या सांगण्यावरून गोऱ्यायच्या शाळेत ती चार पायावर चालनार नाही." आईने समजावलं, पप्पांनी समजावलं. आबाजी बेडरूममध्ये जाऊन दार लोटून बसले. त्या घरात आबाजींच्या शब्दापुढे जाण्याची कुणाची टाप नव्हती, आणि मला तर दोन्हीकडून मार होता. रांगावं तर आबाजी, न रांगावं तर तिसरी.

आईने मार्ग काढला तो आईसारखाच. बेडरूमला लागून कपड्यांची कोठडी होती, आत माणूस चालू शकेल एवढी, तिथे तांदळाच्या गोण्याही ठेवलेल्या. आबाजी सकाळी खाली फिरायला गेले की आई मला त्या कोठडीत न्यायची. तांदळापासून पप्पांच्या सूटपर्यंत सहा फूट जायचं, वळायचं, यायचं. डोक्यावरून आईच्या साड्यांचे पदर घासायचे, बासमतीचा वास, अंधुक दिवा. आई गोणीवर बसून हळू आवाजात सांगायची, "तळवा पूर्ण टेकव. समोर बघ. घाई नको." खरं सांगायचं तर मला ते फार आवडायचं. इतक्या वर्षांत कुणी मला जमिनीवर मोकळं सोडलंच नव्हतं. पाच दिवस सुरळीत गेले. सहाव्या दिवशी बाहेर पाऊस लागला, आबाजी अर्ध्यातून परत आले, आणि ओला कोट टांगायला त्यांनी कोठडीचं दार उघडलं. मी त्यांच्या पायाशी, चार पायांवर, वर बघत.

मला वाटलं आता आभाळ कोसळणार. त्यांनी माझ्या टेकलेल्या तळहातांकडे पाहिलं, ओला कोट हातातच ठेवला आणि हलकेच दार पुन्हा लोटून घेतलं. दुपारी त्यांनी आईला विचारलं, "थ्या बाईले भेटता येईल का?"

मंगळवारी आम्ही चौघं निळ्या गाद्यांच्या खोलीत मुलांच्या खुर्च्यांवर बसलो. आबाजींनी कोट घातला होता. पप्पा दुभाषे. आबाजी सरळ मुद्द्यावर आले, फक्त मिस कॅरलकडे न बघता खिडकीकडे बघत बोलले. "फॉर्मवर लिहिलं थे खोटं आहे. पोट्टी रांगली नाही असं नाही. म्या रांगू देल्लं नाही. तवा हे सारे नागपुरात माह्याजवळच, माही रातपाळी असे, दिवसा मी घरी. हे दोघं ड्युटीवर. पोट्टी चार हातापायावर आली की मी उचलून घ्याचो, उभी कराचो. दहादा आली त दहादा उचललं. माहा बाप पाटलाच्या ओट्यापुढं दोन्ही हात भुईले टेकवून बसाचा. मी लहान होतो, मले वाटे तो रांगून राहिला. मले पाहवत नव्हतं. पोट्टी रांगली की मले बाप दिसे." मग खिडकीवरची नजर काढून ते मिस कॅरलकडे वळले. "इतके दिवस मी सांगत राहिलो की थे स्वतःच उभी झाली."

मिस कॅरलने पप्पांकडे पाहिलं. ही गोष्ट त्यांनाही पहिल्यांदाच कळत होती, आणि तिच्या जोरावर त्यांनी अर्ध्या नॉर्थ कॅरोलायनाला फुशारकी मारलेली. शेवटी ते म्हणाले, "ही सेज... ही हेल्प्ड हर स्टँड. अ लिटल अर्ली." आई म्हणाली, "नाही. पूर्ण सांगा." पप्पांनी तिलाच खूण केली. मग आईने सांगितलं. तिचं इंग्रजी पुस्तकी होतं, सावकाश, प्रत्येक शब्द तपासून ठेवल्यासारखं. तिने पाटलाचा ओटा सांगितला, तळहात सांगितले, आणि 'ही कुड नॉट बेअर टु सी इट' हे वाक्य दोनदा सांगितलं. मिस कॅरलने चष्मा काढून पुसला. "त्यांना सांगा," ती म्हणाली, "की बहुतेक मुलांना कुणी जमिनीवर सोडत नाही ते आळसापोटी. यांनी सोडलं नाही ते मायेपोटी. शरीराला तो फरक कळत नाही, पण मला कळतो. मुलगी नऊ वर्षांची आहे. उद्यापासून सुरू करा म्हणावं." आईने हे आबाजींना सांगितलं. आबाजींनी तिला दोन्ही हात जोडून नमस्कार केला आणि तिनेही चष्मा हातात असतानाच वेडावाकडा नमस्कार केला.

दुसऱ्या दिवसापासून आमचा हॉल म्हणजे आखाडा झाला. सकाळी साडेसहाला कॉफी टेबल भिंतीला, आबाजी पांढऱ्या पायजम्यात हजर. पोस्टातला माणूस, वेळ म्हणजे वेळ. आधी पोटावर सरपटणं, मग सोफ्यापासून चपलांच्या रॅकपर्यंत रांगणं, उजवा हात-डावा गुडघा, डावा हात-उजवा गुडघा. मग खुर्चीत बसून हात पसरायचे आणि आबाजी पाचपर्यंत मोजतील तितक्या सावकाश मिटायचे. तिसऱ्या दिवशी मी कुरकुर केली की एकटीला बोअर होतं. आबाजींनी मिनिटभर विचार केला, सोफ्याचा हात धरला आणि खाली आले. त्यांचे गुडघे पापड मोडल्यासारखे वाजले. "मी पुढं, तू मांगं," ते म्हणाले. पासष्टीचा तो ताठ माणूस माझ्यासमोरून ताकाच्या रंगाच्या कार्पेटवर रांगत गेला, आणि चपलांच्या रॅकपाशी पोचून म्हणाला, "आता उठू कसा बाप्पा?" मी आणि आईने ओढून त्यांना उठवलं. आई तोंडाला पदर लावून हसत होती आणि रडतही होती. मला तेव्हा काही फार कळलं नाही, मला फक्त भरपूर मजा आली. आज त्या सकाळची आठवण आली की मी हातातलं काम थांबवते.

एवढं होऊनही एक गाठ सुटली नव्हती. पप्पा आबाजींशी बोलत नव्हते. म्हणजे मीठ द्या, चहा झाला का, इतपत बोलायचे. आईला त्यांनी कारमध्ये सांगितलेलं मी ऐकलं होतं, "रागवू पण शकत नाही यार त्यांच्यावर, काय करू?" रविवारी आई तर्रीपोहे करायची, आबाजींच्या तिखटाने डोळ्यांतून पाणी काढणारी लालभडक तर्री, आणि बापलेक समोरासमोर बसून नाक पुसत खायचे, पण एक अक्षर नाही. फोडणीचं मात्र आईने नवीन वळण लावलं होतं. ती आधी ओरडून सांगायची, "टाकतेय हं!" मी हात पसरून बसायची आणि अलार्म वाजला की मोजत मिटायची. एप्रिल संपता संपता एके दिवशी ती सांगायला विसरली, अलार्म वाजला, मी मान वर करून छताकडे पाहिलं आणि वरण-भात खात राहिले. आई डाव हातात धरून माझ्याकडे बघतच राहिली.

आता मी या विषयावरचं हाती येईल ते वाचते, आणि सांगायला हवं की जाणकारांचं त्यावर एकमत नाही. कुणी म्हणतं या उरलेल्या प्रतिक्षिप्त क्रियांमुळे मुलं अडतात, कुणी म्हणतं त्या नुसती खूण आहेत, कुणी म्हणतं मुलं वाढत्या वयाबरोबर आपोआपच सुधारतात. माझी आतेबहीण रांगली नव्हती आणि तिचं अक्षर मोत्यासारखं आहे. तेव्हा माझा कोपर कार्पेटमुळे टिकायला लागला, की घरातल्या तीन माणसांनी रोज सकाळी माझ्या तळहातांकडे लक्ष दिल्यामुळे, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण मे महिन्यात मिस कॅरलने माझी मान वळवली तेव्हा मी पडले नाही, एवढं मला माहीत आहे.

बुद्धपौर्णिमेची खीर खाऊन दोन-तीन दिवस झाले असतील, मीटिंगचा दिवस आला. आबाजी कोट घालून दाराशी माझ्या बुटाच्या नाड्या बांधायला बसले. मला त्या येत होत्या, पण त्या दिवशी माझी गाठ दोनदा सुटली होती. मला तिसरीत पुन्हा बसायचं नव्हतं. माझ्या मैत्रिणी पुढे जातील, मिसेस व्हिटकर पुन्हा तीच गोष्ट वाचून दाखवतील, आणि आबाजी नागपूरला जाऊन लोकांना काय सांगतील, हे सगळं माझ्या डोक्यात चालू होतं. आबाजींना ते कळलं असावं. नाडी ओढत ते म्हणाले, "थे काही बी सांगोत, तू नापास नाहीस. नापास झालाच असल कोनी, त मी झालो." पप्पा मागे किल्ल्या शोधत होते. किल्ल्यांचा आवाज थांबला.

खोलीत प्रिन्सिपॉल, मिसेस व्हिटकर, मिस कॅरल आणि आम्ही चौघं. मिसेस व्हिटकरनी टेबलावर दोन कागद ठेवले, एक फेब्रुवारीतला, एक त्या आठवड्यातला. पहिल्यावर उजवीकडे तीन ओळी. दुसऱ्यावर अकरा, डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत, वेड्यावाकड्या, एक ओळ तर उतारावरून घसरलेली, पण पान भरलेलं. "मागच्या आठवड्यापर्यंत माझं नक्की होत नव्हतं," त्या म्हणाल्या. "आता झालंय. प्रॅडनियाला चौथीत जाऊ दे." प्रिन्सिपॉलने मिस कॅरलकडे पाहिलं. तिने नुसती मान हलवली आणि म्हणाली, मंगळवार चालू ठेवू. आईने खात्री करायला पुन्हा विचारलं, "फोर्थ ग्रेड?" "येस मॅम, फोर्थ ग्रेड." आईने डोळे मिटून घेतले.

आबाजींना यातलं काही समजलं नव्हतं. इथल्या लोकांचं लांबवलेलं इंग्रजी त्यांच्या आवाक्याबाहेरचं. हात गुडघ्यांवर ठेवून ते एकेकाच्या तोंडाकडे बघत होते आणि कुणी सांगेल म्हणून थांबले होते. पप्पा खुर्चीतून पुढे वाकले, त्यांनी आबाजींच्या हातावर हात ठेवला, आणि कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा मीठ-चहापलीकडचं काही त्यांच्याशी बोलले. "आबाजी, पास झालात तुम्ही."

आबाजींना ते कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी हात सोडवून घेतला, डोळे पुसले आणि दटावल्यासारखं म्हणाले, "मले काय सांगतं? पयले तिले सांग." पप्पा माझ्याकडे वळले. मला इंग्रजीत सगळं केव्हाच कळलं होतं. तरी काहीच न कळल्यासारखं तोंड करून मी थांबले, कारण मला ते पप्पांच्या तोंडून, मराठीत ऐकायचं होतं.